दोनशे चौदा नंबरची बाटली

धुळे,
१२ जानेवारी १९८८

अक्कास रतिलालचा जयभीम.

लग्नाबद्दलचं तुझं पत्र पोचलं. लता पाळण्यात होती तेव्हाच तू तिच्या पायांत चांदीचे वाळे घालून "ही माझ्या भटूची" म्हणून मोकळी झालीस. मामाची पोर भाच्याला द्यायची ही आपल्याकडची रीतच, त्यामुळे माझा होकार तू विचारला नाहीस आणि मीही वेगळा कळवला नाही. त्यात भटूला भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात काम लागलं. तुझी भावजय कुंदा हिनं शेजारणींना सांगूनही टाकलं की आमची पोर एका माहेरातून दुसऱ्या माहेरी चालली आहे.

पण तारीख धरण्याआधी एक काम आहे. आमच्या दवाखान्यात रक्तातल्या एका आजाराचं संशोधन सुरू झालंय. चांगल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात. सातपुड्याच्या पाड्यांवर आणि आपल्या समाजात हा आजार किती घरांत आहे, ते शोधायचं काम आहे. साहेबांनी मायक्रोस्कोप माझ्या ताब्यात दिला. अकरावीला दोनदा नापास झालेला तुझा भाऊ आता डॉक्टरांना "हे पाहा" म्हणून दाखवतो.

२७ फेब्रुवारीला आमची जीप यावलला शाळेत येईल. मी नसेन, मला इथं बसून रक्ताच्या काचपट्ट्या तपासायच्या असतात. त्या दिवशी भटूला हजर ठेव आणि त्याचं रक्त दे. त्याशिवाय मी तारीख धरणार नाही. कारण विचारू नकोस, पत्रात सांगून तुला कळायचं नाही. मी सांगतो म्हणून कर.

तुझा,
रतिलाल


यावल,
३ मार्च १९८८

भाऊ रतिलाल यास अक्काचा जयभीम आणि पोरांना आशीर्वाद.

मोठा साहेब झाला रे तू. कारण विचारू नको, सांगतो ते कर. बाबा पण असंच बोलायचे, पण ते निदान समोर बसून बोलायचे. तू तिकडं उंटावर बसून इथल्या शेळ्या हाकतो.

तुझी जीप आली होती. आधी कोणी जाईना. शहरात नेऊन रक्त विकतात म्हणून कोणीतरी उठवून दिलं होतं. मग मीच पहिली जाऊन बसले आणि म्हटलं, माझा भाऊ शे तिथं, तो काय माझं रक्त विकतो का. त्यावर बाया आल्या. द्रौपदाबाई सुई पाहूनच खाली बसली, तिला पाणी पाजून उभी केली. मला त्या दिवशी केळीच्या बागेत बुडाशी फुटलेली पिलं काढायला जायचं होतं, तो रोज बुडाला, पण तुझा शब्द मोडला नाही.

भटूचं म्हणशील तर त्याचं काम ठेकेदाराच्या हाताखाली. अजून पक्कं झालं नाही. एक खाडा पडला की त्या जागेवर दुसरा उभा. तरी तू काळजी करू नको. भटूच्या नावाची बाटली भरून गेली. नंबर दोनशे चौदा. चिठ्ठी मी डब्यात ठेवली शे. हसू नको, गुरुजींनी सातवीपर्यंत छड्या मारल्या तरी माझं "शे" काही गेलं नाही.

आता तरी तारीख धर.

तुझी अक्का


धुळे,
२१ मार्च १९८८

अक्कास जयभीम.

दोनशे चौदा नंबर मी स्वतः पाहिला. औषध घालून अर्ध्या तासानं पाहिला, पट्टी तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला. एकही पेशी वाकलेली नाही. भटूचं रक्त स्वच्छ आहे. पट्टी पाहून उठलो आणि सगळ्यांना चहा सांगितला. साहेब म्हणाले, काय रतिलाल, लॉटरी लागली का. मी म्हटलं, तसंच समजा.

वैशाखातली तारीख धरू. विहारातच करू, मांडवाचा पसारा नको. तुझ्या रक्तात मात्र थोडा दोष निघालाय. तो असा की त्यानं तुला काही होत नाही, आजवर झालं नाही, पुढंही होणार नाही. भटूत तो उतरला नाही, एवढं मला पुरे.

रतिलाल


दीपनगर,
९ ऑक्टोबर १९८९

भाऊ रतिलाल यास जयभीम.

भटूचं काम पक्कं झालं आणि कॉलनीत खोली मिळाली, हे कुंदानं सांगितलंच असेल. मला पण इथंच आणलं. घरात नळाला पाणी येतं, मला तर दिवसभर काय करावं कळत नाही. धाकटा बन्सीलाल यावललाच राहिला बागेच्या कामावर.

पत्र लिहायचं कारण तुझी नात. विशाखा आता आठ महिन्यांची झाली. लता तुमच्याकडून बाळंतपण करून आली तेव्हा पोर कशी गुटगुटीत होती. गेल्या पंधरा दिवसांत दोन्ही हातांचे पंजे आणि पावलं सुजली. हात लावला की अशी रडते की लतापण रडायला लागते. मी एरंडाचं पान बांधलं, तेल लावलं, इथल्या एका बाईनं दृष्ट काढायला सांगितलं ती पण काढली. तू म्हणशील अक्का, तू बाबासाहेबांचा फोटो लावून दृष्ट काढते. पोरीचं दुखणं बघवेना, म्हणून काढली.

तू रक्तातलं एवढं शिकला, सांग हे काय शे.

अक्का


धुळे,
१४ ऑक्टोबर १९८९

अक्का,

पत्र मिळताच भटू, लता आणि बाळ यांना इकडं पाठव. तू येऊ नकोस, गर्दी नको. हातापायांना तेल लावून चोळू नका. पाणी भरपूर पाजा. एक दिवसही थांबू नका.

रतिलाल


धुळे,
६ नोव्हेंबर १९८९

अक्कास जयभीम.

पोरं तुझ्याकडं परत पोचली असतील. इथं असताना मी त्यांना फक्त औषधं दिली आणि पुन्हा रक्त काढलं. तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून हे पत्र. भटूला आणि लतालाही वाचून दाखव.

विशाखाला तोच आजार आहे, ज्याचा शोध मी दोन वर्षं करतोय. आईकडून एक दोष आणि बापाकडून एक, असे दोन एकत्र आले की मूल आजारी होतं. एकच आला तर काही होत नाही, माणूस जन्मभर धडधाकट राहतो, पण तो दोष पुढं देऊ शकतो. तुझ्यात तसा एक आहे. माझ्यातही आहे. आई किंवा बाबांकडून आपल्याला आला असणार.

आता जे लपवलं ते सांगतो. लतातही एक आहे. मला हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं, संशोधन सुरू झालं तेव्हा सगळ्यात आधी मी माझ्याच घरातलं रक्त तपासलं. तुला सांगितलं नाही. वाटलं, पोरीत खोट आहे म्हणून समाजात बोभाटा होईल, तूही कचरशील. झाकली मूठ सव्वा लाखाची. भटूचं रक्त स्वच्छ असलं तर कुणाला काही कळायची गरजच नव्हती, म्हणून ते तपासायचा मी हट्ट धरला होता.

परवा भटूचं रक्त पुन्हा पाहिलं. त्याच्यात दोष आहे. पट्टीवर पेशी सरळसरळ वाकलेल्या दिसतात, शिकाऊ पोरालाही दिसतील. म्हणजे तेव्हा मी चुकलो. दोनशे चौदा नंबर मी दोनदा पाहिला आणि दोनदा चुकलो. मला वाटतं मला ते स्वच्छ असायला हवं होतं, म्हणून तसं दिसलं.

असंही कोणी म्हणेल की बहिणीच्या घरात एकाला दोष तर सगळ्यांनाच असणार, यात तपासायचं काय. तसं नसतं. एकाच आईच्या दोन लेकरांत एकाला येतो, दुसऱ्याला येत नाही. म्हणून तर प्रत्येकाचं वेगळं पाहावं लागतं. आणि मी ते वेगळं पाहूनही चुकलो.

या आजाराला बरं करणारं औषध नाही. जपावं लागतं. ताप अंगावर काढू नका. लताला सांग, तिच्या बापाला माफ करू नको म्हणावं, पण औषधं वेळेवर देत जा.

रतिलाल


दीपनगर,
१९ नोव्हेंबर १९८९
(हे पत्र टाकलं नाही.)

भाऊ,

तू चुकला नाही रे. ती बाटली भटूची नव्हती.

त्या दिवशी भटूला सुट्टी मिळाली नाही. मी ठेकेदाराच्या पाया पडायला पण तयार होते, भटू म्हणाला आई, काम जाईल. जीप एकच दिवस येणार होती. तू तर लिहिलेलं, त्याशिवाय तारीख नाही. मग मी बन्सीलालला नेलं आणि नाव भटूचं सांगितलं. मला त्यात खोटं काहीच वाटलं नाही. आई म्हणायची ते तुला पण आठवत असेल, "एक मायना पोरेसनं रंगत एकच ऱ्हास." एका आईच्या लेकरांचं रक्त एकच. भटूचं काय आणि बन्सीलालचं काय, माझ्याच पोटातले दोघं. मी मनात म्हटलं, भाऊ सरकारी कागदासाठी रक्त मागतो, एका घरातून एक बाटली गेली म्हणजे झालं.

तुझं पत्र लतानंच मोठ्यानं वाचलं. "एकाला येतो, दुसऱ्याला येत नाही" हे तिनं वाचलं तेव्हा भटूनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. नंतर लता पाणी आणायला उठली तेव्हा भटू म्हणाला, आई, मामांना लिहून टाक. मी म्हटलं थांब.

मला भीती वाटते. लताला कळलं तर ती माझ्या हातचं पाणी पिणार नाही आणि भटूच्या तोंडाकडं पाहणार नाही. तिला याच घरात राहायचंय. तू लांब शे. तुझ्यावरचा राग तिला सोसवेल, आमच्यावरचा सोसवणार नाही.

असं लिहिते आणि माझी मलाच


दीपनगर,
२४ नोव्हेंबर १९८९

भाऊ रतिलाल यास जयभीम.

पत्र पोचलं, भटूनं, लतानं, मी, बठ्ठ्यांनी ऐकलं. तू लताचं लपवलं त्याचा मला राग नाही. ती माझी पण पोर आहे. झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नको. सूज उतरली. विशू आता धरून उभी राहते. जपून राहा.

अक्का


धुळे,
१४ ऑगस्ट १९९०

अक्कास जयभीम.

पत्राला उशीर झाला. तू तीन पत्रं पाठवलीस, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. इथं बरंच काही झालं.

मी साहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, साहेब, मी सख्ख्या भाच्याचं रक्त दोनदा पाहून चुकीचं वाचलं, तर परक्यांची किती चुकीची वाचली असतील देव जाणे. साहेब भला माणूस. म्हणाले, एखादी चूक होते. पण मीच ऐकेना. रक्त आठ दिवसांच्या वर टिकत नाही, पुन्हा तपासायला काही उरलं नव्हतं. शेवटी ज्या चारशे बारा नोंदी एकट्या माझ्या नजरेखालून गेल्या होत्या, त्या संशोधनातून काढून टाकल्या. निबंध मुंबईच्या परिषदेत वाचला गेला. त्यात ज्यांनी मदत केली त्यांची नावं शेवटी असतात, माझं नाव घालू नका असं मीच सांगितलं.

मायक्रोस्कोप आता दुसऱ्याकडं आहे. मी बाटल्या धुण्याच्या आणि चिठ्ठ्या चिकटवण्याच्या कामावर आहे. तेही दोनदा तपासून करतो. परवा चष्म्याच्या डॉक्टरकडं गेलो होतो, तो म्हणाला तुमची नजर उत्तम आहे. मला त्याचा उगाच राग आला.

विशाखाच्या वाढदिवसाला का आलो नाही म्हणून विचारतेस. काम होतं.

रतिलाल


दीपनगर,
२ फेब्रुवारी १९९१

भाऊ,

काम होतं म्हणे. एस.टी. काय धुळ्याहून भुसावळला येत नाही का. कुंदा चार वेळा येऊन गेली, ती कशी येते.

विशू उद्या दोन वर्षांची होईल. चालते, बोलते, भांडते पण. मध्ये मध्ये पाय दुखतात तेव्हा मात्र भिंतीकडं तोंड करून पडून राहते, रडत पण नाही, त्याचाच जास्त त्रास होतो पाहणाऱ्याला. कुंदानं तुमच्या दोघांचा फोटो आणला होता. त्यातल्या तुझ्यावर बोट ठेवून "आजा" म्हणते. मग कुंदा दारात आली की तिच्या मागं बघते. ती जन्मली तेव्हा तू तिला हातात घेतलं होतं, त्यानंतर तिनं तुला दवाखान्यात पाहिलं तेवढंच, ते तिला कुठून आठवणार.

लता तुझं नाव काढत नाही, हे खरं. मी काढलं तर उठून जाते. पण तू ये. तिचं काय, पोर शे, राग जाईल. तू म्हणशील अक्काला काय कळतं. मला कळतं रे, तू का येत नाही ते. तू समजतो त्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून तर सांगते, तुझ्याकडं काही दोष नाही असं समज आणि ये.

अक्का


धुळे,
१२ फेब्रुवारी १९९१

अक्कास जयभीम.

कुंदाबरोबर गोळ्या पाठवल्या आहेत, रोज एक, चुकवू नका. थंडीत पोरीला उघडं ठेवू नका. गार पाण्यानं अंघोळ नको.

दोष नाही असं समज, म्हणतेस. मोठ्या बहिणीनं असंच म्हणायचं असतं. पण मी एकदा आलो होतो, तुला सांगितलं नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. कॉलनीच्या फाटकापर्यंत आलो. लता पोरीला कडेवर घेऊन दुकानातून चालली होती. पोरीचे डोळे पिवळट दिसले. त्या आजारात तसे होतात, मला लांबूनही कळतं. माझ्या हातून झालेली गोष्ट मला समोर चालताना दिसली, आणि मी रस्त्याच्या पलीकडून बस धरून परत आलो. लताचं माझ्याशी न बोलणं बरोबर आहे. तुझ्याकडून आणखी आग्रह नको.

रतिलाल


दीपनगर,
३० सप्टेंबर १९९१

भाऊ,

तू विशूच्या मातीला आला. लांब निंबाच्या झाडाखाली उभा राहिला, कोणाशी बोलला नाही, पाणी पण न घेता गेला. 

कुंदानं सांगितलं असेल, तरी लिहिते. गेल्या सोमवारी सकाळी विशूला ताप आला. दुपारपर्यंत ओठ पांढरे पडले, पोट फुगून कडक झालं. भटू पाळीवर होता, त्याला निरोप पाठवला, तो तसाच धावत आला. आम्ही रिक्षानं भुसावळला नेली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं बठ्ठं रक्त पोटात पाणथरीत, म्हणजे प्लीहेत जाऊन साठलं, रक्त चढवावं लागेल, जळगावला न्या. जळगावच्या रस्त्यावर गेली. लताच्या मांडीवर होती. लताला आधी कळलंच नाही, ती तिला वारा घालत होती.

आता मला तुला जे सांगायचं आहे ते सांगते. सोबत एक जुनं पत्र जोडलं आहे, दोन वर्षांपूर्वीचं, अर्धवट राहिलेलं. आधी ते वाच.

वाचलं असेल. तर असं आहे. बाटली बन्सीलालची होती. तू पाहिलं ते बरोबर पाहिलं. तुझे डोळे, तुझा हात, काही चुकलं नाही. ते चारशे बारा लोकांचं पण तू बरोबरच पाहिलं असणार. तुझं पत्र आलं तेव्हा बाटलीची चूक मला कळली, आणि त्या दिवसापासून रोज म्हणत होते, उद्या लिहीन. मग तू मायक्रोस्कोप सोडला, तेव्हा लिहायला पाहिजे होतं. विशू तुझ्या फोटोवर बोट ठेवायची तेव्हा लिहायला पाहिजे होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं व्हायचं, पोस्टमन आला की मला वाटायचं, तुला कळलं. आणि पत्रात तसं काही नसलं की मला बरं वाटायचं. भाऊ, मला बरं वाटायचं. ते लिहायची पण लाज वाटते.

आता लपवून कोणासाठी ठेवू. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

अक्का


धुळे,
११ ऑक्टोबर १९९१

अक्का,

पत्र वाचून मी दवाखान्यात गेलो. मायक्रोस्कोपवरच्या पोराला म्हटलं, जरा उठ. पट्टीवर कुणाचं तरी रक्त होतं, बघितलं, सांगितलं हे दोषाचं आहे. त्यानं वहीत पाहून म्हटलं, बरोबर. मग मी बाहेर येऊन नळाजवळ बसलो. माझा हात चुकला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता.

बाटलीचं मी तुला काही बोलणार नाही. दवाखान्यात येणाऱ्या बायाबापड्यांना समजावणारा मी, सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर लताचं सांगावं लागलं असतं, म्हणून कारण विचारू नको म्हणालो. तुला कारण माहीत असतं तर तू बन्सीलालला नेलं नसतंस, ठेकेदाराच्या उंबऱ्यावर बसून भटूला आणलं असतंस, हे मी तुला ओळखतो म्हणून सांगतो. ती चूक आपल्या दोघांची.

पण दोन वर्षं गप्प राहिलीस, ते बठ्ठं तुझं. मला मायक्रोस्कोप गेल्याचं दुःख नाही, निबंधातून नाव गेल्याचंही नाही. अक्का, मी त्या पोरीला कडेवर घेतलं नाही. ती माझ्याकडं बघेल आणि मला माझी चूक दिसेल, म्हणून मी दोन वर्षं तोंड लपवत फिरलो. तुझं एक पत्र आलं असतं तर मी धावत आलो असतो. तू "ये, ये" म्हणून लिहीत राहिलीस आणि ज्यानं आलो असतो तेवढंच लिहिलं नाहीस. याची माफी मला जमेल असं वाटत नाही. जमलं तर कळवीन.

लताला मात्र हे सांगू नकोस. तिला माझ्यावर राग धरायची सवय झाली आहे. तो आहे तिथं राहू दे. तिला तुझ्या घरात, भटूबरोबर राहायचंय, आणि कुंदा म्हणते तिला पुन्हा दिवस गेले आहेत. मुंबईला आता दहाव्या-बाराव्या आठवड्यातच गर्भ तपासून सांगतात, आजार आहे की नाही. साहेबांकडून तिथल्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी घेतली आहे, सोबत पाठवतो. भटूनं तिला घेऊन जावं. मी येत नाही, मला पाहून तिला त्रास होईल.

रतिलाल


दीपनगर,
१९ ऑक्टोबर १९९१

भाऊ,

तू नको म्हणाला तेच मी केलं. लताला सांगितलं.

काल भटूला घरी बसवून घेतलं आणि दोघांसमोर बठ्ठं सांगितलं, बाटलीचं, बन्सीलालचं, माझ्या न टाकलेल्या पत्राचं, भटूला मी गप्प बसवलं त्याचं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं सूप फेकून मारेल, नाहीतर पिशवी भरून निघून जाईल. तिनं तांदूळ निवडून पुरे केले. मग सूप बाजूला ठेवून मला म्हणाली,

"आत्या, बाटली कुणाची होती याचं मला काय करायचंय? बाबा चुकले असते तरी माझे बाबाच होते. मी कधी म्हटलं की ते चुकले म्हणून मी बोलत नाही? विशू रोज दाराकडं बघायची. ते का आले नाहीत?"

मी म्हटलं, माझ्यामुळं. तुझं फाटकापर्यंत येऊन परत जाणं पण सांगितलं. ते ऐकून ती खूप रडली, विशू गेली तेव्हा रडली नव्हती तेवढी. मग डोळे पुसून म्हणाली, "बाटली तुमच्यामुळं बदलली. ते आले नाहीत ते त्यांच्यामुळं."

भाऊ, आपण दोघं दोन वर्षं समजत होतो की तिचा राग त्या काचेच्या पट्टीवर आहे. तू त्यासाठी येत नव्हता आणि मी त्यासाठी लिहीत नव्हते. आणि तिला तर पट्टीचं काहीच नव्हतं. मी तिच्यासोबत एका घरात राहून तिला एकदा पण विचारलं नाही. तुला माझी माफी जमो न जमो, ते आता राहू दे.

मुंबईची चिठ्ठी तिनं वाचली आणि परत पाकिटात घातली. सोबत परत पाठवत आहे. भटूबरोबर जाणार नाही म्हणते. ती म्हणाली, "बाबांना सांगा, ही चिठ्ठी त्यांनी स्वतः घेऊन यावी. तिथं काय निघेल ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. उत्तर लिहू नका म्हणावं, या."

तिला अकरावा आठवडा लागला आहे.

तुझी अक्का